आपत्काळाचे वैद्यक आणि खानदेश

सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर करीत तापीच्या खोऱ्यातून वर येणारी आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही गावे घेत जळगाव-भुसावळास मिळणारी रेल्वे खानदेशच्या संसाराशी फार जवळून निगडित आहे. कारण हंगाम सरला किंवा पावसाने दगा दिला, की या मुलखातील माणसे पोटापाण्यासाठी हीच वाट धरून सुरतेच्या कापड-गिरण्यांत आणि यंत्रमागांवर जात आली, आणि आज उधना-लिंबायतसारख्या तेथील वस्त्यांत अहिराणी बोलणारी सहस्रावधी कुटुंबे नांदत आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता पसरली, आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसांनी ते शहर सोडले. ज्याला जी गाडी मिळाली तीत तो चढला. त्या गर्दीत खानदेशची माणसेही होती, आणि त्यांची घरे ज्या गावांत होती त्या गावांच्या वेशीपर्यंत भय त्यांच्या आधीच जाऊन पोहोचले होते. पुढे देशभरची मोजदाद झाली तेव्हा त्या साथीतील मृत्यूंचा आकडा छप्पन्न निघाला. म्हणजे भयाच्या मानाने हानी पुष्कळ कमी झाली. तथापि त्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास हा आकडा ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही प्रकरणात जसाच्या तसा सापडणारा नव्हता. प्लेग जडलेल्या एका रोग्यास कोणते औषध द्यावे, हे त्यास अवगत होते. पण एका गाडीतून शेकडो माणसे उतरत असता त्यांतील कोणास थांबवावे, कोणास घरी जाऊ द्यावे, ज्याच्या अंगात आज ताप नाही पण जो एक-दोन दिवसांत आजारी पडू शकेल त्याच्यावर नजर कोणी ठेवावी, प्रतिबंधक गोळ्यांचा साठा थोडा असता तो प्रथम कोणास द्यावा, गावकरी आपल्याच भाऊबंदांना वेशीबाहेर अडवू लागले तर त्यांची समजूत कोणी घालावी, आणि या सर्वांची नोंद कोणत्या वहीत, कोणाच्या हाताने व्हावी, हे प्रश्न वैद्यकाचे असूनही रोग्याच्या खाटेपाशी सुटणारे नव्हते. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दूरदूरच्या शहरांतील दुकानांतून दिसेनाशा झाल्या, त्या आजाऱ्यांनी घेतल्यामुळे नव्हे. भ्यालेल्या निरोगी माणसांनी त्या घरात साठविल्या. खुद्द सुरतेत कित्येक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद करून गाव सोडले. त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अशा प्रसंगी आपले नेमके कर्तव्य काय आणि आपले संरक्षण कशात आहे, हे त्यांना कोणी कधी शिकविले होते काय, हा प्रश्न अधिक न्याय्य ठरेल.

महापूर, भूकंप, दुष्काळ, साथ, युद्ध किंवा दंगल यांमुळे एखाद्या लोकसमूहाचे नित्याचे जीवन एकाएकी मोडून पडते, आणि स्थानिक व्यवस्थेच्या बळाबाहेरची गरज उभी राहते, तेव्हा त्या समूहाचे प्राण वाचविण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे; तेच आपत्काळाचे वैद्यक. नेहमीच्या वैद्यकात डॉक्टर एका रोग्यासाठी आपले सर्वस्व पणास लावतो, आणि तेच त्याच्या धर्मास शोभते. आपत्काळी मात्र त्यास हजारोंचा विचार एकदम करावा लागतो; आणि मग असे दिसून येते, की शस्त्रक्रियेच्या मेजाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक प्राण पाण्याची टाकी, शौचकूप, गोवराची लस आणि मृत्यूंची नोंदवही यांच्या योगाने वाचतात. हे सत्य ऐकावयास साधे वाटते. पण पाच-सात वर्षे केवळ खाटेवरील रोगी तपासण्याचे शिक्षण घेतलेल्या बुद्धिमान माणसाच्या वृत्तीत ते मुरविणे अत्यंत कठीण असते, आणि म्हणूनच त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची आवश्यकता आहे.

या शास्त्राचा एक मोठा धडा आपल्याच देशात लिहिला गेला. १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पटकीची साथ उद्भवली. सरहद्दीवरील बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनाबीस उपचारासाठी पोहोचले तेव्हा रोगी जमिनीवर, विष्ठेत आणि वांतीत पडलेले होते, आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला होता. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकाच्या दृष्टीने सलाइनवाचून पटकीचा उपचार म्हणजे रोग्याशी प्रतारणाच. महालनाबीसांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण पुड्यांत बांधून घेतले, ते पिपांतल्या पाण्यात कालविले, आणि रोग्यांच्या आप्तांच्या हाती पेले देऊन त्यांना ते पाजावयास शिकविले. शंभरांत तीस मरत होते तेथे मृत्यूंचे प्रमाण चारांच्याही खाली आले. हा चमत्कार औषधाचा तर होताच. पण माझ्या मते त्यातील अधिक मोलाची गोष्ट दुसरीच होती. परिचारिका नाहीत, डॉक्टर नाहीत, अशा वेळी रोग्याच्या आईला, बहिणीला, नवऱ्याला काही मिनिटांत शिकवून उपचारक बनविता येते, हे तेथे सिद्ध झाले. आपत्काळाच्या वैद्यकात शिकणारा आणि शिकविणारा यांत फार काळाचे अंतर असत नाही. जो सकाळी शिकला त्यास दुपारी शिकवावे लागते.

हाच धडा न गिरविल्याचे प्रायश्चित्त तेवीस वर्षांनी आफ्रिकेत भोगावे लागले. सुरतेच्या प्लेगाच्या दोनच महिने आधी, १९९४ च्या जुलैत, रुआंडातील नरसंहारानंतर लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून झाईरमधील गोमा या गावी कीवू सरोवराच्या काठी येऊन पडले. ज्वालामुखीच्या खडकाळ भूमीत ना विहीर खणता येई, ना शौचकूप. सरोवराचे पाणी तसेच पिण्यात आले, पटकी उसळली, आणि पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसे दगावली. वास्तविक जगभरच्या मदतसंस्था, विमाने आणि औषधे तेथे लवकरच पोहोचली होती. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे तज्ज्ञ तेथे गेले आणि उपचारकेंद्रे असूनही माणसे का मेली याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना आढळले ते असे: शरीरातील गेलेले पाणी भरून काढण्याचे काम फार मंद गतीने होत होते, तोंडाने पाजावयाच्या द्रावणाचा पुरेसा उपयोग केला जात नव्हता, आणि दूरदेशाहून सद्भावनेने धावून आलेल्या पुष्कळ आरोग्यसेवकांना पटकीच्या उपचाराचा अनुभवच नव्हता. सद्भावना आणि सामग्री दोन्ही असून केवळ शिक्षणाच्या अभावी माणसे मेली, याहून प्रशिक्षणाच्या बाजूने दुसरा पुरावा तो काय द्यावयाचा?

गोमाच्या अनुभवातून मदतकार्याची किमान परिमाणे ठरविण्याच्या प्रयत्नास वेग आला, आणि १९९७ साली ‘स्फिअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याची परिमाणे आता जगभर प्रमाण मानली जातात: माणशी दररोज निदान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचकूप, डोक्यावर छप्पर असलेली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. त्याआधीच, १९८६ साली, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जिनिव्हा येथे विशाल लोकसमूहांवरील आरोग्यसंकटांविषयी एक अभ्यासक्रम सुरू केला होता, आणि डॉक्टर, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे अभियंते व प्रशासक यांना एका वर्गात बसविणे हे त्याचे वैशिष्ट्य. त्या वर्गात शिकविले जाणारे गणित अगदी सोपे आहे. सामान्यतः दर दहा हजार लोकांमागे दिवसास एकाहून अधिक मृत्यू होऊ लागले, तर परिस्थिती हाताबाहेर चालली असे समजावे. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ही मर्यादा दोनाची. म्हणजे वीस हजारांच्या छावणीत रोज दोनांहून अधिक प्रेते उचलावी लागत असतील, तर दवाखान्यात खाटा वाढविण्याआधी पाणी कोठून येते, मुले काय खातात आणि गोवराची लस कितीजणांना टोचली आहे, हे जाऊन पाहिले पाहिजे. गोवराचे नाव पुष्कळांस येथे अनपेक्षित वाटेल. परंतु उपासमारीने क्षीण झालेल्या, दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांत गोवर शिरला म्हणजे तो भीषण संहार करतो, आणि म्हणून छावणी पडताच सहा महिन्यांपुढील सर्व मुलांना लस टोचणे हे पहिल्या काही दिवसांतले काम मानले जाते.

या विषयाचा खानदेशशी काय संबंध, असे कोणी विचारील तर त्याने या मुलखाचा इतिहास उघडून पाहावा. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा या नद्यांना आलेल्या महापुराने धुळे शहराची आणि नदीकाठच्या अनेक गावांची दैना केली. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ तर अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकलेल्या कथांच्या रूपाने जिवंत आहे. त्या दुष्काळात सरकारने मदतकामे काढली, खडी फोडण्याच्या आणि तळी खणण्याच्या त्या कामांवर माणसांची अफाट गर्दी जमली, आणि १९०० च्या उन्हाळ्यात मुंबई इलाख्यातील अशा कामांवर पटकी शिरली. पोटासाठी एकत्र आणलेली माणसे पाण्याच्या बंदोबस्ताअभावी मेली. कचेरीच्या हुकमात मजुरी आणि धान्य यांचा तपशील चोख असे, पाण्याचा नसे. डोंगरातले भिल्ल तर पुष्कळदा त्या कामांपर्यंत पोहोचलेच नाहीत. १९७२ च्या दुष्काळात चित्र बरेच पालटले होते. रोजगाराची कामे गावाजवळ निघाली, लहान मुलांना सुकडी मिळाली, परदेशाहून आलेला मिलो लोकांनी नाक मुरडत का होईना खाल्ला, आणि त्या पिढीतील आरोग्यसेवकांनी व ग्रामसेवकांनी विहिरींत औषध टाकण्याचे काम निष्ठेने केले. त्या मुकाट श्रमांचा गौरव कोणी फारसा केला नाही. तो येथे केला पाहिजे.

महाराष्ट्रास या सेवेची परंपराही मोठी आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले; त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी रणभूमीवर शस्त्रक्रिया केल्या हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि तेथील तरुण सेवकांना शस्त्रवैद्यकाचे शिक्षण दिले, याकडे आपले लक्ष कमी जाते. १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी शिकविलेली माणसे मागे उरली होती. रोगी बरा करणे आणि रोगी बरे करणारी माणसे घडविणे या दोन कर्तव्यांपैकी दुसरे अधिक टिकाऊ आहे.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतलेली किल्लारी आणि आसपासची गावे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली, आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. सैन्य आले, डॉक्टर आले, सबंध महाराष्ट्र धावला. त्या धावपळीतून जे शिकावयास मिळाले त्यातील दोन गोष्टी प्रत्येक प्रशिक्षणात सांगितल्या गेल्या पाहिजेत. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसांपैकी बहुतेकांना पहिल्या काही तासांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलेले असते, आणि बाहेरची पथके, कितीही त्वरा केली तरी, त्यानंतर पोहोचतात. तेव्हा गावातील माणसास रक्तस्राव थांबविणे आणि मणका न हलविता जखमीस उचलणे शिकविणे हाच पहिला उपाय होय. दुसरी गोष्ट प्रेतांविषयीची. भूकंपात किंवा पुरात मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ पसरते ही समजूत सर्वत्र खोलवर रुजलेली आहे, आणि तिच्यापायी ओळख न पटविता घाईघाईने सामुदायिक अंत्यविधी उरकले जातात. वस्तुतः आघाताने मेलेल्या निरोगी माणसाच्या देहातून साथ उद्भवत नाही. साथ उद्भवते ती जिवंतांच्या दूषित पाण्यातून. प्रेताचे छायाचित्र, अंगावरील खुणा आणि वस्तू यांची नोंद ठेवण्यास थोडा वेळ दिला, तर मागे राहिलेल्यास आपल्या माणसाचा निरोप घेता येतो, आणि पुढे वारसाचे कागदपत्र करताना त्यास कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

आजचा खानदेश तर आपत्तीच्या हमरस्त्यावरच बसलेला आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांना छेदतात. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. सातपुड्याच्या पायथ्याशी बिजासनचा घाट, दक्षिणेस कन्नडचा. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आणि दहाहून अधिक मृतांबरोबर कित्येक भाजलेले व जखमी एकाच सकाळी शिरपूर-धुळ्याच्या रुग्णालयांत आले. त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच तारखेच्या सुमारास, चाळीसगाव तालुक्यात अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. जुलै २०२२ मध्ये इंदूरहून अमळनेरास येणारी एसटी खलघाटाच्या पुलावरून नर्मदेत पडली. पुढच्या जुलैत पळासनेरजवळ एका मालवाहू वाहनाने इतर वाहनांना धडक देत हॉटेलात घुसून अनेकांचे प्राण घेतले. आणि २२ जानेवारी २०२५ च्या सायंकाळी, पाचोऱ्याजवळ, आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. ही यादी वाचताना मन विषण्ण होते. पण ज्या जिल्ह्यांत अशा घटना इतक्या लवकर लवकर घडतात, तेथील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने एकाच तासात तीस-चाळीस जखमी येतील हे गृहीत धरूनच आपली व्यवस्था लावली पाहिजे.

अशा वेळी करावयाच्या पहिल्या कामास जखमींची वर्गवारी म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून उपचाराचा क्रम लावण्याची जी पद्धत पाडली, तिचेच हे आजचे रूप. चालता येणाऱ्या सर्वांस प्रथम एका बाजूस बोलवावे, त्यांना हिरवी चिठ्ठी बांधावी. उरलेल्यांचा श्वास, नाडी आणि सांगितलेले समजते की नाही, एवढेच अर्ध्या-एक मिनिटात पाहून लाल किंवा पिवळी चिठ्ठी बांधावी. ज्याचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू होत नाही त्यास काळी. ही काळी चिठ्ठी बांधणे हे वैद्यकातील अत्यंत कष्टदायक कर्तव्य असावे. शांत काळात ज्या रोग्यासाठी डॉक्टर तासभर झुंजला असता, त्यास बाजूला ठेवून तो शेजारच्या, जगण्याची आशा असलेल्या जखमीकडे वळतो, आणि त्या वेळी भोवती नातलगांचा आक्रोश चाललेला असतो. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो बहुधा सर्वांत गंभीर नसतो. गंभीर असतो तो निपचित पडलेला. पुस्तक वाचून हे समजते, पण हात तसा वळत नाही. त्यासाठी रंगीत चिठ्ठ्या, रंग लावून जखमी बनविलेले विद्यार्थी आणि घड्याळ लावून घेतलेला सराव, पुनःपुन्हा, दर वर्षी, हवा.

खानदेशात आणखी काही आपत्ती आवाज न करता येतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, आणि शेतात, केळीच्या बागांत, रस्त्याच्या कामावर राबणारी माणसे उष्माघाताने कोसळतात. त्यांच्या उपचारात औषधाहून गार पाणी महत्त्वाचे असते, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात अंगावर पडले पाहिजे. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसल्यास मेंदू वाचत नाही. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडे, जो भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच मोडत होता, पावसाळ्यात वाटा बंद होतात आणि कुपोषित बालकांवर अतिसार, न्यूमोनिया एकदमच झडप घालतात. तेथे काम करणाऱ्या सेविकेच्या हाती दंडाचा घेर मोजण्याची एक पट्टी असते: साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी घेर भरला की ते मूल तीव्र कुपोषित समजावे. सुदान किंवा येमेनच्या छावणीत वापरतात तीच ही पट्टी. म्हणजे आंतरराष्ट्रीय मदतकार्याचे जे शास्त्र दूरदेशी शिकविले जाते, त्याचा वर्ग सातपुड्याच्या कुडाच्या घरात रोज भरतो आहे. फक्त त्यास कोणी अभ्यासक्रम म्हणत नाही. येथे नेमणूक झालेल्या बाहेरगावच्या डॉक्टरास अहिराणी किंवा पावरी समजली नाही, तर त्याच्या ज्ञानाचा अर्धा भाग व्यर्थ जातो, हेही प्रशिक्षण ठरविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

साधने नाहीत असे म्हणण्याची आता सोय राहिलेली नाही. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावास शासकीय आणि खासगी अशी महाविद्यालये आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या, अगदी आरंभापासूनच्या, दोन तुकड्यांपैकी एक नागपुरास आणि दुसरी धुळ्यासच आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, गावोगाव आशा स्वयंसेविका आहेत, आणि ‘आपदा मित्र’ योजनेत तरुणांना बारा दिवसांचे शिक्षण देण्याची तजवीज केंद्र सरकारनेच केलेली आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. उणीव आहे ती या सर्वांच्या एकत्र येण्याची. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, पाणीपुरवठा आणखी वेगळ्याच खात्याकडे, अशी दप्तरांची वाटणी झालेली असल्याने, शांत काळात ज्यांची गाठ केवळ कागदावर पडते ती माणसे आपत्तीच्या दिवशी प्रथमच एकमेकांचे तोंड पाहतात. २०२० च्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील कोरोनाच्या मृत्यूंचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक होते, आणि त्या दुःखाचे खापर कोणा एकावर फोडून त्यातून काही शिकता येणार नाही. खाते कोणतेही असो, प्राणवायूची नळी, रुग्णाची नोंद आणि नातलगास द्यावयाचा निरोप या तीन गोष्टी एका साखळीत बांधण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो.

म्हणून प्रशिक्षण कसे असावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते सभागृहातील भाषणांचे नसावे. डॉक्टर, परिचारिका, पाणीपुरवठ्याचा अभियंता, तहसीलदार, पोलीस निरीक्षक आणि आशा स्वयंसेविका यांना एकाच तंबूत बसवून, ‘अनेर नदीस पूर आला, चार गावांची तीन हजार माणसे शाळांत आणून ठेविली आहेत, पुढे काय?’ असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा, आणि पाणी, शौचकूप, गरोदर स्त्रिया, मधुमेहाच्या आणि क्षयाच्या रोग्यांची चालू औषधे, सर्पदंशाची लस, रात्रीचा उजेड, या एकेका गोष्टीचा हिशेब त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. स्त्रियांचा विचार अशा वेळी बहुधा शेवटी येतो, तो प्रथम यावा: शौचकूपापर्यंतची वाट अंधारी असेल तर स्त्रिया रात्री तेथे जात नाहीत, पाणी कमी पितात आणि आजारी पडतात, प्रसूती तर पुराचे पाणी ओसरण्याची वाट पाहत नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर नळाच्या शेवटच्या टोकाशी क्लोरीन उरते की नाही, हे ओटी चाचणीने पाहण्याचे काम डॉक्टरानेही एकदा स्वतःच्या हाताने करावे. आणि ज्याचे घर गेले, मूल गेले, त्याच्याजवळ बसून त्यास काय बोलावे व काय बोलू नये, हेही शिकवावे लागते. सांत्वनाच्या घाईत आपण फार बोलतो. आरोग्यसेवकाच्या स्वतःच्या झोपेची, जेवणाची आणि मनाची काळजी हा त्या शिक्षणाचाच एक भाग होय, कारण सलग जागलेला माणूस औषधाची मात्रा चुकतो.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरेल. उत्तरेकडील यात्रेकरूंचे थवेच्या थवे भुसावळ-जळगाव-चाळीसगाव या लोहमार्गाने आणि आग्रा रस्त्याने खानदेश ओलांडून जातील. २००३ च्या सिंहस्थात नाशकात झालेली चेंगराचेंगरी आपण विसरलेलो नाही. धुळे आणि जळगाव येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी, प्रतिसाद दलाच्या धुळ्यातील तुकडीने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र बसून त्याआधी निदान एक संयुक्त अभ्यासवर्ग आणि रेल्वे स्थानकावरील एक पूर्ण सराव घ्यावा, आणि नंतर तो दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घेण्याचा शिरस्ता पाडावा. वाचकांपैकी जे निवृत्त परिचारिका, औषधनिर्माते, शिक्षक किंवा माजी सैनिक असतील त्यांनी आपले नाव तहसील कचेरीत किंवा रेडक्रॉसच्या शाखेत आजच नोंदवावे. आणि ज्यांना यांतले काहीच जमणार नाही त्यांनी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे प्रमाण घरातील प्रत्येकास पाठ करून द्यावे.